पॉइंट कुठं जाऊन पडलाय ते आधी बघा: क्यूजीआयएस आणि फील्ड सर्वेच्या नेहमीच्या अडचणी

नवीन माणसाचा नकाशा बिघडला की तो पहिलं काम काय करतो, तर क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल करून परत टाकतो. त्याने काही होत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं असं क्वचितच होतं, बहुतेक वेळा आपण त्याला सांगितलेलं असतं एक आणि डेटा असतो दुसराच. म्हणून माझी पद्धत अशी की सेटिंग्ज उघडायच्या आधी चुकलेला पॉइंट नेमका कुठं जाऊन पडलाय ते बघायचं. तो ज्या ठिकाणी पडतो त्यावरूनच निम्म्याहून जास्त वेळा कारण कळतं.

उदाहरण म्हणून एक साधं काम धरू. गावातल्या विहिरी, शेततळी आणि बंधारे मोबाईलवर नोंदवायचेत, क्यूफील्डमध्ये (क्यूजीआयएसचं मोबाईल ॲप) नाहीतर कोबोच्या (मोबाईलवर माहिती भरायचं साधन) फॉर्मवर, आणि मग लॅपटॉपवर क्यूजीआयएसमध्ये आणून नकाशा करायचा. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, कॉलेजची पोरं, ग्रामपंचायतीचे आराखडे करणारे, सगळे साधारण हेच करतात आणि सगळे साधारण त्याच खड्ड्यात पडतात.

पायरी १: पॉइंट कुठं पडला?

लेयर (नकाशावरचा डेटाचा एक थर) टाकली आणि स्क्रीन पांढरीच राहिली तर घाबरू नका. लेयरवर राइट क्लिक करून झूम टू लेयर करा, मग मागे एखादा जगाचा बेसमॅप लावा (ओपनस्ट्रीटमॅपची एक्सवायझेड लेयर ब्राउझर पॅनेलमध्ये आधीच असते) आणि बघा आपण कुठल्या देशात आलोय.

आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, जिथं अक्षांश शून्य आणि रेखांश शून्य, तिथं पॉइंट पडलाय? म्हणजे जीपीएस लागायच्या आधीच सेव्ह केलं, किंवा रकाना रिकामा होता आणि कुणीतरी त्यात शून्य भरलं. हे पॉइंट दुरुस्त होत नाहीत, फॉर्मवरची शेतकऱ्याची माहिती बघून परत जायचं आणि परत घ्यायचे.

उत्तर ध्रुवाकडं गेलाय? मग अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीय. महाराष्ट्राचे अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९, ही दोन जोड्या पाठच करून टाका, फार कामाला येतात. पारनेर तालुक्याचे आकडे साधारण १९.० आणि ७४.४, ते उलटे टाकले की पॉइंट थेट नॉर्वेच्या बेअर आयलंडपाशी जातो, जिथं विहीर तर सोडाच पण झाड पण नाही. हे होतं कारण प्रत्येकाची रीत वेगळी. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, कोबो आणि ओडीके (कोबोसारखंच फॉर्म भरायचं ॲप) पण जीपीएसच्या रकान्यात अक्षांश आधी लिहितात, पण क्यूजीआयएस विचारतं एक्स काय आणि वाय काय, आणि एक्स म्हणजे रेखांश. जिओजेसन या फाइल प्रकारातही रेखांश आधी. ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयरच्या खिडकीत एक्सला लॉन्जिट्यूड आणि वायला लॅटिट्यूड निवडलंय ना एवढं बघितलं की झालं.

मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, सगळे पॉइंट एकमेकांवर चढून एकच ठिपका दिसतोय? म्हणजे डेटा अंशांत होता आणि तुम्ही लेयरला यूटीएम (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) सांगितलं, मग ७४ अंश हे ७४ मीटर समजले गेले.

गाव बरोबर दिशेला आहे पण वीस-बावीस किलोमीटर सरकलंय? तर अंश-मिनिटं आणि दशांश यांचा घोळ. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.३० नाही, १८.५०. एका अंशात ६० मिनिटं असतात हे शाळेत शिकलेलं असतं पण एक्सेलमध्ये टाइप करताना कुणाच्या लक्षात राहत नाही. ०.२ अंशाचा फरक म्हणजे जमिनीवर साधारण २२ किलोमीटर.

आणि विदर्भवाल्यांचा खास आजार. यूटीएमचे झोन ६-६ अंशांचे असतात, ७२ ते ७८ रेखांश हा झोन ४३ आणि ७८ ते ८४ हा झोन ४४, आणि ७८ ची रेघ आपल्या राज्याच्या मधून जाते. पुणे, नाशिक, संभाजीनगर, अकोला, अमरावती शहर, सगळं ४३ मध्ये (गोवा पण), तर यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. पुण्याच्या ऑफिसातला टेम्प्लेट नागपूरच्या टीमने तसाच वापरला, ४४ चे आकडे ४३ म्हणून उघडले, की सगळं बरोबर ६ अंश पश्चिमेला जातं, नागपूरची विहीर गुजरातेत बारडोलीपाशी आणि चंद्रपूरची जव्हारच्या बाजूला. अशा प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी नावाचा एक नंबर असतो, हे कोड लक्षात ठेवा: ईपीएसजी ३२६४३ आणि ३२६४४. फोनच्या जीपीएसचे अंशातले आकडे असतील तर ईपीएसजी ४३२६.

शंभर-सव्वाशे मीटरची सरक असेल, आणि सगळं एकाच दिशेला सरकलेलं असेल, तर विचारा की खालचा नकाशा जुनी टोपोशीट आहे का. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट, म्हणजे ज्यांचे नंबर ४७ एफ/१४ असे असायचे, त्या एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप) काढलेल्या आहेत आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ (आताचं माप) वर. पुण्याच्या आसपास या दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. अशी शीट जिओरेफरन्स करताना (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागेवर बसवताना) कोपऱ्यांवरचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ म्हणून भरायचे नाहीत, कलियनपूर १९७५ हा डेटम (आकडे मोजायचा पाया) निवडायचा (ईपीएसजी ४१४६) आणि नंतर बदलून घ्यायचं. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, तिथं ही कटकट नाही.

आणि पाच-दहा मीटर इकडं-तिकडं, कुठलाही पॉइंट कुठल्याही दिशेला, तर तो आजार नाही, ते फोनचं जीपीएस आहे. त्याबद्दल पुढं.

पायरी २: सीआरएस "बदलणं" म्हणजे काय हे एकदाच समजून घ्या

हे समजलं नाही तर वरचं सगळं वाया. सीआरएस म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत ते, अंशांतले की यूटीएमचे. क्यूजीआयएसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट लेयर सीआरएस म्हणजे फक्त लेबल लावणं, आकडे जसेच्या तसे राहतात, आपण सांगतो की हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत. रीप्रोजेक्ट लेयर म्हणजे आकडे खरोखर बदलून नवीन फाइल करणं. दुधाच्या पातेल्यावर ताक अशी चिठ्ठी लावली म्हणून दूध आंबत नाही, तसं सेट सीआरएसने डेटा बदलत नाही. नवीन माणूस काय करतो, त्याला ४३२६ चं ३२६४३ करायचं असतं, तो सेट सीआरएस करतो, लेयर मालदीवकडं जाते, मग तो घाबरून प्रोजेक्टचा सीआरएस बदलतो, मग दुसरी लेयर हलल्यासारखी वाटते, आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच कळत नाही की मूळ काय होतं.

नियम असा ठेवा: लेबल चुकीचं लागलंय किंवा लागलेलंच नाही (लेयरच्या नावापुढं प्रश्नचिन्ह दिसतं) तेव्हाच सेट. बाकी प्रत्येक वेळी प्रोसेसिंग टूलबॉक्समधून रीप्रोजेक्ट. खाली उजव्या कोपऱ्यात जो ईपीएसजी दिसतो तो प्रोजेक्टचा, लेयरचा नाही.

याच्याशी जोडूनच क्षेत्रफळ. गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपचा बेसमॅप लावला की प्रोजेक्ट बऱ्याचदा ईपीएसजी ३८५७ (वेबवरच्या नकाशांची पद्धत) मध्ये जातो, आणि लेयरही ३८५७ मध्ये सेव्ह केली तर क्षेत्रफळ फुगतं. आपल्या अक्षांशांवर ते ८ ते १७ टक्के जास्त येतं, नाशिककडं १ हेक्टरचं शेत साधारण १.१३ हेक्टर दिसेल. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन फंक्शन आहेत, डॉलर चिन्ह असलेलं एरिया हे प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या इलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गोल आकारावर, मोजतं, आणि ज्यात कंसात जिओमेट्री द्यावी लागते ते सपाट कागदावर मोजल्यासारखं मोजतं. पहिलं वापरा, किंवा आधी यूटीएममध्ये आणा. आकडा ०.००००३ असा काहीतरी आला तर तो चौरस अंशांत आलाय, त्याचा काही उपयोग नाही.

पायरी ३: फोनकडून काय अपेक्षा ठेवायची

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरच्या आत सांगतो. आमराईत, उंच इमारतींमध्ये, घाटात कड्याला लागून तो आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. आता एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू जेमतेम १० मीटर. बाजूच १० मीटरची आणि चूक ५ मीटरची, तर फोन घेऊन बांधाबांधाने फिरून १० गुंठ्यांचं क्षेत्र काढलं आणि ते सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून कुणाशी वाद घालायचा नाही. ती मोजणी नाही. हे शेतकऱ्याला सर्वे सुरू करायच्या आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तुमच्या नकाशाचा प्रिंटआउट घेऊन दोन भाऊ बांधावर उभे राहतील आणि मध्ये तुम्ही. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेखची मोजणी, दुसरा रस्ता नाही. विहीर कुठल्या गटात आहे एवढं सांगायला मात्र फोन बहुतेक वेळा पुरतो.

फील्डवर पोचल्या पोचल्या पॉइंट घ्यायचा नाही. फोन खिशातून काढून उघड्यावर एक-दोन मिनिटं धरा, ॲक्युरसीचा आकडा खाली येऊन थांबला की मग घ्या. नेटवर्क नसलेल्या गावात पहिल्यांदा जीपीएस लागायला जास्त वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती फोनला नेटवरून पटकन मिळते ती तिथं थेट उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी नेट असतानाच एकदा लोकेशन लावून घ्या. नेट नाही म्हणून जीपीएस चालत नाही असं काही नसतं.

ओडीकेमध्ये ५ मीटरची मर्यादा डिफॉल्ट असते, तेवढी ॲक्युरसी आली की तो स्वतःच घेतो. क्यूफील्डमध्ये ॲव्हरेजिंग (बऱ्याच आकड्यांची सरासरी घेणं) आहे, बंधाऱ्याच्या टोकासारख्या महत्त्वाच्या जागी ते चालू करा. आणि काहीही करा पण ॲक्युरसीचा रकाना फॉर्ममध्ये ठेवा, नंतर खराब पॉइंट वेगळे काढायला तोच एक आधार असतो.

क्यूफील्डमधली एक गोष्ट सगळ्यांना फसवते. पॉइंट पडतो तो स्क्रीनच्या मधल्या फुलीवर, तुम्ही उभे आहात त्या निळ्या ठिपक्यावर नाही. फुली जीपीएसला लॉक केलेली नसेल आणि तुम्ही नकाशा बोटाने सरकवून बघत होतात, तर विहीर तिथं नोंदली जाते जिथं शेवटचं बोट थांबलं होतं. पूर्वेकडच्या दहा विहिरी एकाच वडाखाली गोळा झालेल्या दिसल्या तर हेच झालंय. लॉकचं बटण दाबा. कधी कधी लॉक नको पण असतं, म्हणजे पलीकडच्या तीरावरचा बंधारा सॅटेलाइट इमेज बघून टाकायचा असेल तेव्हा, पण ते मुद्दाम करा आणि शेरा लिहा.

उंचीचा आकडा बघून पण लोक चक्रावतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून फोन म्हणतो उणे साठ मीटर! फोन खराब नाही. ॲन्ड्रॉइडची उंची बऱ्याच ॲपमध्ये इलिप्सॉइडपासूनची येते, समुद्रसपाटीपासूनची नाही, आणि आपल्या भागात या दोन्हींत साधारण साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. तसंही फोनच्या उंचीवर चराची पातळी काढायला जाऊ नका, त्याला लेव्हल मशीन किंवा निदान पाण्याची नळी.

ट्रॅक मध्येच तुटत असेल तर बॅटरी ऑप्टिमायझेशन बघा, स्क्रीन बंद झाली की काही फोन ॲपलाच झोपवतात. आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका, साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन निघून जातं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

पायरी ४: मराठी अक्षरं आणि एक्सेल

यावर इंग्रजीत मदत शोधून फारशी मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायचा जुना प्रकार) म्हणजे एक फाइल नाही, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशी पूर्ण टोळी असते, कुणी फक्त एसएचपी पाठवली तर हसून परत मागा. त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट, आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्त पण वेगळे मोजले जातात. म्हणजे "शेतकऱ्याचे नाव" असा रकाना केला तर "शेत" एवढंच उरतं. मजकुराची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे मराठीत ८४ चिन्हं, लांब शेरा अर्ध्यात कापला जातो आणि सांगत पण नाही. उघडल्यावर मराठीच्या जागी विचित्र रोमन चिन्हं दिसली तर लेयर प्रॉपर्टीजच्या सोर्समध्ये जाऊन एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, बहुतेकदा तेवढ्याने येतं. येत नसेल तर सेव्ह करतानाच गेलंय. आणि अक्षरं रोमनच असतील पण तो डेटा जुन्या ऑफिसमधून श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप होऊन आला असेल, तर हा एन्कोडिंगचा प्रश्नच नाही, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

माझं सरळ मत आहे की नवीन कामाला शेपफाइल वापरूच नका, जिओपॅकेज (सगळं एकाच फाइलमध्ये ठेवणारा नवा प्रकार) वापरा, शेपफाइलच्या वरच्या अडचणी त्यात येत नाहीत.

एक्सेलचा घोळ याहून वाईट आहे कारण तो दिसत नाही. गट नंबर १२/१ लिहिला की एक्सेल त्याची १२ जानेवारी करतं. सगळेच नंबर तारीख होत नाहीत, ४५/२ तसाच राहतो कारण ४५ तारीख नसते, त्यामुळे अर्धा रकाना बरोबर आणि अर्धा कॅलेंडर. टाइप करायच्या आधी रकाना टेक्स्ट करून घ्या, नंतर केला तर उपयोग नाही. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडायचीच नाही, डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट घ्या, तिथं ६५००१ यूटीएफ-८ निवडा आणि रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवा. लिब्रेऑफिस उघडतानाच हे सगळं विचारतं, मला तेच बरं वाटतं.

जॉइन (दोन तक्ते एका रकान्यावरून जोडणं) लागत नाही ही पुढची तक्रार. नावावर जॉइन करू नका. शिरुर आणि शिरूर संगणकाला दोन वेगळी गावं आहेत, वर एक शिरूर पुण्यात आणि शिरूर कासार बीडमध्ये, कर्जत रायगडात पण आणि अहिल्यानगरमध्ये पण, खेड पुण्यात पण आणि रत्नागिरीत पण. २०११ च्या जनगणनेची हद्द घेतली तर त्यात ३५ जिल्हे आहेत, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आणि तिथं औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर हीच नावं आहेत. म्हणून गावाचा जनगणना कोड किंवा एलजीडी (सरकारच्या स्थानिक संस्थांच्या यादीतला) कोड घ्या. दोन्हीकडं कोड असूनही सगळं नल (रिकामं) येत असेल तर एकीकडं तो आकडा आहे आणि दुसरीकडं मजकूर, किंवा शेवटी एक स्पेस बसलीय. रकान्याचा प्रकार बघा, ट्रिम फंक्शन चालवा.

पायरी ५: निघायच्या आधी आणि परत आल्यावर

क्यूफील्डसिंकने (क्यूजीआयएसमधलं प्लगइन) प्रोजेक्ट पॅकेज केला की फोनमध्ये टाकून ऑफिसच्या आवारातच फिरून या. एअरप्लेन मोड लावा आणि मग बघा: बेसमॅप दिसतो का, ड्रॉपडाउन उघडतात का, फोटो निघतो का, लेयरला एडिटचं पेन्सिल चिन्ह आहे का. बेसमॅप गायब झाला तर तो ऑनलाइन होता, प्रोसेसिंगमधल्या जनरेट एक्सवायझेड टाइल्सने गावापुरती एमबीटाइल्स फाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे म्हणजे टाइल्स, त्यांचा संच) करून सोबत द्या. झूम लेव्हल उगाच २० पर्यंत नेऊ नका, प्रत्येक लेव्हलला टाइल्स साधारण चौपट होतात आणि फाइल फोनमध्ये मावत नाही.

कोबोचा फॉर्म मध्येच बदलला तर सगळ्यांना नवीन व्हर्जन डाउनलोड करायला लावा. फॉर्म फायनलाइज झाला म्हणजे पोचला असं नाही, सेंड झालाय का ते वेगळं बघायचं, आणि ते बघितल्याशिवाय "फोन स्लो झालाय" म्हणून कुणाला ॲपचा डेटा क्लिअर करू देऊ नका.

लॅपटॉपवर आल्यावर जिओपॅकेजची कॉपी करताना एक काळजी घ्या. फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडी असेल तर तिच्याशेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा शेपटीच्या दोन छोट्या फाइली दिसतात. नुकतंच भरलेलं कधी कधी त्या डब्ल्यूएएलमध्येच असतं, त्यामुळे नुसती जीपीकेजी पेनड्राइव्हवर घेतली तर आजच्या नोंदी मागं राहू शकतात. आधी प्रोजेक्ट बंद करा, त्या दोन फाइली गेल्या की कॉपी करा. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते पण घ्या, आणि प्रोजेक्टमध्ये पाथ रिलेटिव्ह ठेवा म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपवर लेयर सापडत नाहीत असं म्हणणार नाही.

क्लिप किंवा इंटरसेक्शन करताना इनव्हॅलिड जिओमेट्री म्हणून अडलं तर फिक्स जिओमेट्रीज चालवा, पण पुढं जायच्या आधी किती पॉलिगॉनचं क्षेत्रफळ बदललं ते बघा. चालत काढलेल्या शेताच्या कडेने स्वतःलाच छेद दिलेला असतो आणि दुरुस्तीत एखादा कोपरा वेगळा तुकडा होऊन बसतो.

एवढं करून अडलंच आणि कुणाला विचारायचं असेल, तर "नकाशा येत नाहीये सर, प्लीज हेल्प" एवढंच लिहू नका, त्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. क्यूजीआयएसचं व्हर्जन, लेयरचा ईपीएसजी, प्रोजेक्टचा ईपीएसजी, डेटाच्या दोन-तीन ओळी (शेतकऱ्याचं नाव आणि नंबर काढून), आणि पॉइंट कुठं पडायला हवा होता आणि कुठं पडला, एवढं द्या. स्क्रीनशॉट पूर्ण खिडकीचा काढा, खालचा उजवा कोपरा दिसला पाहिजे, मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढला तर तो कोपरा नेमका कापला जातो.